वांचलेल्या मनुष्याचें कण्हणें

मरणाच्या दारांतून परत आलेल्या मनुष्यास "अजून दुखतें" असें म्हणण्याचा अधिकार आहे कीं नाहीं? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. पण ज्या घरांत छातीची मोठी शस्त्रक्रिया होऊन घरचा कर्ता पुरुष किंवा घरची बाई जिवंत परत आलेली आहे, त्या घरांत तो चुलीपासून प्रार्थनेपर्यंत सर्वत्र वावरत असतो, आणि बहुतकरून कोणी त्यास तोंड फोडीत नाहीं. मंडळींत उपकारस्तुति झालेली असते. देवानें नवा जन्म दिला, असें सर्वांनीं म्हटलेलें असतें, आणि तें खरेंही असतें. इकडे तो मनुष्य मात्र रात्रीं दोन वाजतां भिंतीस टेकून बसलेला असतो. कारण त्यास कुशीवर निजवत नाहीं, आणि खोकला आला तर उशी छातीशीं आवळून धरावी लागते. सकाळीं कोणी "आतां बरें आहे ना?" असें विचारिलें म्हणजे तो "हो, बरें आहे" असें उत्तर देतो. ह्या उत्तरांत सौजन्य किती, भय किती आणि असत्य किती, ह्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

आमचे पुष्कळ वाचक खेडेगांवीं राहणारे आहेत. म्हणून ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. हृदयांतून निघून सर्व अंगास शुद्ध रक्त पोंचविणारी जी मोठी नळी, तिला महारोहिणी म्हणतात. छातींत ती साधारणपणें तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद असते. रक्तदाब, तंबाखू, जन्मापासूनचा दुबळेपणा अशा कारणांनीं तिची भिंत एखाद्या ठिकाणीं झिजते, आणि सायकलीच्या जुन्या ट्यूबला यावा तसा तिला फुगा येतो. हा फुगा बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच तो भयंकर. तो पांच-साडेपांच सेंटिमीटरांवर गेला म्हणजे शस्त्रवैद्य तो काढून टाकण्याचा सल्ला देतात. कारण फुटला तर रुग्णालयापर्यंत पोंचण्यासही पुष्कळांस अवधि मिळत नाहीं.

तो काढावयाचा म्हणजे छातीचें मधलें हाड करवतीनें उभें कापावें लागतें, बरगड्यांच्या दोन्ही बाजू यंत्रानें दूर सारून धराव्या लागतात, आणि हृदय थांबवावें लागतें. तेवढा वेळ रक्त यंत्रांतून फिरवितात. अशा यंत्राच्या साहाय्यानें हृदय उघडून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉ. जॉन गिबन ह्यांनीं ६ मे १९५३ रोजीं केली. फुग्याच्या जागीं जी नळी शिवतात ती कापडाची असते, हें ऐकून आमच्या भगिनींस आश्चर्य वाटेल. त्याच देशांत ह्यूस्टन शहरीं डॉ. मायकल डिबेकी नांवाचे शस्त्रवैद्य होते. त्यांस शिवणकाम आईनें लहानपणींच शिकविलें होतें. १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ते नायलॉनचें कापड आणावयास दुकानीं गेले. तें संपलें होतें म्हणून डॅक्रॉन नांवाचें नवें कापड घेऊन आले, आणि घरच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवून पाहिली. आज त्याच जातीच्या धाग्याच्या नळ्या जगभर वापरतात. काम संपलें म्हणजे कापलेलें हाड पोलादी तारांनीं बांधून टाकितात. हाड जुळण्यास दोन-तीन महिने लागतात. तारा बहुधा जन्मभर आंतच राहतात.

हें सर्व एके काळीं दूरदेशचें नवल होतें. आतां तसें राहिलें नाहीं. राज्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्यें आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्यें तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें. तेव्हांपासून कंत्राटी मजूर आणि त्याचे गांवाकडील आईबापही हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या मेजावर पोंचूं लागले आहेत. मुळा आणि पवना ह्यांच्या संगमापाशीं वसलेली आमची दापोडी घ्या. एका बाजूस एस.टी. चें कर्मशाळेचें आवार, दुसरीकडे लष्करी अभियांत्रिकीचें महाविद्यालय, आणि लोहमार्गानें पुढें गेलें कीं पिंपरी-चिंचवडचे कारखाने. कामासाठीं अहिल्यानगर, जालना ह्या बाजूंनीं आलेलीं आपलीं कुटुंबें येथें चाळींत आणि लहान लहान खोल्यांत राहतात. अशा एखाद्या घराची कल्पना करा. शस्त्रक्रियेस चौदा महिने झाले आहेत. जखम केव्हांच सुकली. छायाचित्रांत हाड जुळलेलें दिसतें, नळी जागच्या जागीं आहे, वैद्य समाधानी आहेत. परंतु व्रणाच्या डाव्या अंगास चार बोटें रुंद असा एक पट्टा आहे, तेथें सदरा लागला तरी जळतें. लोकलगाडींत कोणाचें कोपर लागलें तर डोळ्यांपुढें अंधेरी येते. रिक्षा खड्ड्यांतून गेली कीं तारा मोजून दाखवितां येतील असें त्यास वाटतें. थंडीच्या दिवसांत तर सकाळचा पहिला तास कोणाशीं बोलूंच नये. गांवाहून आलेली आई म्हणते, "लेकरा, डॉक्टर बरें म्हणाले ना?" आणि लेकरूं गप्प बसतें.

हें दुखणें खरें आहे काय? शास्त्राचें उत्तर स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी, आणि दुसरें कांहीं कारण न सांपडणारी वेदना हा एक स्वतंत्र विकार आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत लिहिलें आहे. तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालें. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथील वेदनाचिकित्सेच्या दहा केंद्रांत आलेल्या ५,१३० रोग्यांची एक पाहणी १९९८ मध्यें प्रसिद्ध झाली. त्यांतील शेंकडा २२.५ जणांच्या वेदनेस पूर्वीं झालेली शस्त्रक्रिया कारण झाली होती. म्हणजे ही कांहीं दापोडीच्या एका मजुराच्या मनाची कमजोरी नव्हे. छाती उघडतांना बरगड्यांच्या खालून जाणारे बारीक ज्ञानतंतु ताणले जातात, चेंगरले जातात, कधीं तुटतात. ते भरून येतात, पण पूर्वींच्या शहाणपणानें येतीलच असें नाहीं. आणि पाठीच्या कण्यांतील व मेंदूंतील जी यंत्रणा वेदनेची खबर घेते, ती कित्येक दिवस सतत खबर ऐकून इतकी हळवी होते कीं साधा स्पर्शही तिला घाव वाटूं लागतो. शेतांत माळ्यावर बसून पांखरें हांकणारा राखणदार आपण पाहिला आहे. पीक कापून खळ्यावर आलें, शेत मोकळें झालें, तरी हा राखणदार गोफण फिरवीत ओरडतच राहिला तर? त्याचें ओरडणें खोटें नव्हे. त्याचा घसा खरोखर सुकतो आणि शेजाऱ्यांची झोंप खरोखर मोडते. राखावयाचें मात्र तेथें कांहीं उरलेलें नाहीं.

राखणदाराचा हा दाखला मीं मुद्दाम घेतला. कारण आपल्या उपदेशांत वेदनेविषयीं एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, आणि ती अर्धीच लागू पडते. डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांच्या पोटीं तामिळ मुलुखांतील कोल्ली डोंगरांत १९१४ मध्यें जन्मले, आणि १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत महारोग्यांची सेवा करूं लागले. महारोग्यांचीं बोटें रोगानें झडतात, असा तेव्हां सर्वत्र समज होता. ब्रँड ह्यांनीं दाखविलें कीं मांस रोगानें झडत नाहीं. रोगानें वेदना नाहींशी होते, आणि वेदना नसल्यामुळें मनुष्य तापलेलें भांडें तसेंच धरून ठेवितो, खिळा टोंचला तरी चालत राहतो. कांहींचीं बोटें तर रात्रीं झोंपेंत उंदीर कुरतडीत, आणि त्यांस त्याचा पत्ता नसे. मग घरीं जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची वहिवाट पडली. वेदना ही कोणासही नको असलेली देणगी आहे, अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक त्यांनीं १९९३ मध्यें फिलिप यान्सी ह्यांच्यासह प्रसिद्ध केलें. मिरजेस रिचर्डसन महारोगी रुग्णालयांत किंवा दुसऱ्या कोठें ज्यांनीं ही सेवा पाहिली आहे त्यांस ब्रँड ह्यांचें म्हणणें पटल्यावांचून राहणार नाहीं.

तथापि हें सत्य घेऊन आपण त्या जळत्या पट्ट्याच्या मनुष्याकडे गेलों आणि "बंधो, वेदना ही देवाची देणगी आहे" असें म्हणालों, तर आपण त्याच्याशीं अन्याय करूं. ब्रँड ज्या वेदनेची थोरवी सांगतात ती इशारा देणारी, हात विस्तवापासून मागें ओढणारी वेदना होय. ह्या मनुष्याची वेदना कशाचा इशारा देते? हात कोठून मागें घ्यावा? ती चोर नसतां भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी आहे. तिला देणगी म्हणणें हें शब्दांनीं केलेलें गोड विष होय, असें माझें स्पष्ट मत आहे. दुसरी बाजू तर याहून वाईट. ती म्हणते, हें पूर्वीं केलेल्या कर्माचें फळ. किंवा, हा लपविलेल्या पापाचा दंड. किंवा, पुरता विश्वास नाहीं म्हणून पुरतें बरेपण नाहीं. धर्म बदलला तरी हें बोलणें घरांतून सहज जात नाहीं. तें केवळ आपलें वस्त्र बदलतें. ताणलेल्या तंतूस पाप कळत नाहीं. त्याच मेजावर, त्याच वैद्याच्या हातून, तसेंच हाड कापून घेतलेला शेजारी सहा महिन्यांत पोतीं उचलूं लागतो, आणि हा उचलूं शकत नाहीं. दोघांच्या भक्तीची तुलना करून ह्याचा उलगडा होणार नाहीं.

आतां कृतज्ञतेकडे येतों. मुख्य अडचण तेथेंच आहे. मनुष्य स्वतःशींच म्हणतो, "मला प्राण मिळाले. माझ्या वॉर्डांतील शेजारचा बिछाना रिकामा झाला, माझा झाला नाहीं. भावानें जमीन गहाण ठेविली, मंडळीनें उपास केले, अनोळखी लोकांनीं रक्त दिलें. मग मी कोणत्या तोंडानें म्हणूं कीं मला अजून दुखतें?" हें बोलणें इतकें सभ्य आहे कीं त्यांतील चूक सहसा दिसत नाहीं. आपल्या मंडळीच्या खजिनदारांस विचारा: शंभर रुपये हातीं आले असतां दीडशें रुपयांची पावती लिहून दिली, तर तो देणाऱ्याचा सन्मान होईल कीं लबाडी? कृतज्ञता ही पावती आहे. जें मिळालें तेंच तिच्यावर लिहावयाचें. ह्या मनुष्यास प्राण मिळाले, मुलांचीं तोंडें पुन्हां दिसलीं, आणि त्यांबरोबर छातींत एक आग राहिली. एवढें सर्व लिहिलें तरच पावती खरी. आग गाळून टाकिली तर रक्कम वाढविल्यासारखें होतें, आणि देव किंवा वैद्य ह्यांपैकीं कोणीही अशा वाढवून लिहिलेल्या पावतीचा भुकेला नाहीं.

आपल्याच इतिहासांतील एक गोष्ट आठवा. १८९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून, आणि १९०० मध्यें गुजराथेंतून, उपासमारीनें सुकलेल्या शेंकडों मुली व बाया आणून केडगांवीं मुक्तिसदनांत ठेविल्या. त्यांस अन्न मिळालें, वस्त्र मिळालें, विद्या मिळाली. ज्या मुलीची आई रस्त्यांत मेली, ती त्या रात्रीं पोटभर जेवूनही रडली असेल, ह्याविषयीं मला शंका नाहीं. "तुला भाकर मिळाली ना, मग आईसाठीं कां रडतेस?" असें तिला कोणी म्हणालें असतें तर आपण त्यास कठोर म्हणूं. रमाबाईंस स्वतःस हें शिकवावें लागलें नसेल. त्यांचे आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांतच एकामागून एक गेलीं होतीं. वांचलेपण आणि दुःख हीं एकाच पोटांत एकाच वेळीं राहतात. याकोबाची पनीएल येथील रात्र उपदेशक मंडळींस सांगावयास नको. आशीर्वाद मिळाला त्याच रात्रीं मांडीचा सांधाही निखळला, आणि सूर्य उगवला तेव्हां तो लंगडत पुढें गेला. आपण आशीर्वादावर पुष्कळ उपदेश करितों. त्याच्या चालीकडे क्वचित पाहतों.

ज्या डिबेकींचें नांव वर आलें त्यांच्याच शेवटच्या दिवसांची हकीकत येथें उपयोगी आहे. ३१ डिसेंबर २००५ च्या सायंकाळीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, ते घरीं एकटे असतां त्यांच्या छातींत आणि मानेंत भयंकर कळ उठली. काय झालें हें त्यांस तत्काळ समजलें: महारोहिणीची आंतली भिंत फाटली होती. ह्या विकाराच्या प्रकारांस त्यांचेंच नांव दिलेलें आहे, आणि त्यावरील शस्त्रक्रियेस वळण लावण्यांत त्यांचा मोठा हात. तरी त्यांनीं स्वतःवर ती करून घेण्यास प्रथम नकार दिला. इतक्या वयांत मागें राहणारें दुःख आणि परावलंबन काय असतें हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक होतें? पुढें ते बेशुद्ध झाले. करावी कीं न करावी, ह्यावर रुग्णालयाची नीतिविषयक समिति बसली. वेळ जात आहे हें पाहून त्यांची पत्नी बैठकींत शिरली आणि निर्णय मागूं लागली. फेब्रुवारी २००६ मध्यें त्यांच्या जुन्या सहकाऱ्यानें ती शस्त्रक्रिया केली. घरीं येण्यास सप्टेंबर उजाडला. मध्यंतरीं श्वासासाठीं यंत्र, रक्त शुद्ध करण्यासाठीं यंत्र, गिळण्यापासून चालण्यापर्यंत सर्व पुन्हां शिकणें. पुढें त्यांनीं आपल्यावर ती शस्त्रक्रिया झाली ह्याविषयीं आनंद प्रकट केला. जुलै २००८ मध्यें, शंभरावें वर्ष चालूं असतां, ते वारले. नकार देणारे डिबेकी चुकले आणि आनंद मानणारे डिबेकी बरोबर, असा निकाल पुष्कळ लोक लावितात. मला तो उतावळा वाटतो. किंमत भारी आहे, हें त्यांनीं आधीं सांगितलें. वस्तु मोलाची आहे, हें मागाहून सांगितलें. दोन्ही साक्षी एकाच जाणत्या मनुष्याच्या आहेत, आणि एकीनें दुसरी रद्द होत नाहीं.

येथवर दुखणाऱ्याची बाजू झाली. आतां त्याच्याकडूनही कांहीं मागावयाचें आहे, कारण वेदना सत्य असली तरी ती घरची मालकीण नव्हे. दुखतें असें सांगणें आणि दुखण्याच्या जोरावर घर चालविणें ह्यांत अंतर आहे. "आज उजवा हात वर होत नाहीं, पाण्याचा हंडा तूं उचल," ही खबर झाली. "माझें दुखतें आणि तुम्हांस हंसूं येतें!" ही खबर नव्हे, हा दंड आहे, आणि तो निरपराध लेकरांस होतो. कोणाचें तोंड कोणत्या वेळीं कोणत्या बाजूस झुकेल हें सांगतां येत नाहीं. फार दुखत असतां शहाणा मनुष्यही दुसऱ्या प्रकारचें बोलून जातो, आणि तेवढें घरानें पोटांत घालावें. पण रोजची वहिवाट मात्र कोणती, हें त्यास स्वतःस ठाऊक असतें.

ह्या बाबतींत बाबा आमटे ह्यांच्या चालीकडे पाहावें असें मला वाटतें. ब्रँड ह्यांच्याच वर्षीं, २६ डिसेंबर १९१४ रोजीं, ते हिंगणघाटास जन्मले. आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवून त्यांनीं महारोग्यांसाठीं जें केलें तें प्रसिद्धच आहे. त्यांच्या पाठीच्या कण्यास असा विकार जडला कीं पुढें कित्येक वर्षें त्यांस बसतांच येत नसे; एक तर उभें राहावें, नाहीं तर आडवें व्हावें. वेदना सोबतीस असेच. आतां ह्या मनुष्यानें काय केलें? डिसेंबर १९८५ मध्यें कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुणांची सायकलयात्रा काढिली, आणि स्वतः वाहनांत बिछाना घालून, त्यावर पडून तिच्याबरोबर गेले. मला त्यांच्या धैर्यापेक्षां त्या बिछान्याचें अधिक महत्त्व वाटतें. त्यांनीं बिछाना लपविला नाहीं, आणि बिछान्यासाठीं यात्राही थांबविली नाहीं. वेदनेस जिंकलें अशी घोषणा केली नाहीं. तिला जागा लागते तेवढी जागा वाहनांत करून दिली, आणि उरलेल्या जागेंत काम केलें. १९९० मध्यें ते नर्मदातीरीं कसरावद येथें राहावयास गेले तेव्हांही शरीर तेंच होतें.

जागा करून देणें हें मंडळीचेंही काम आहे, आणि तें फार खर्चाचें नाहीं. आपल्या पुष्कळ मंदिरांत लोक सतरंजीवर बसतात. छाती उघडलेल्या मनुष्यास भुईवरून उठणें ही मोठी शिक्षा असते, कारण उठतांना दोन्ही हातांवर भार येतो. त्यास भिंतीजवळ पाठीची खुर्ची द्यावी, आणि ती आधींच मांडून ठेवावी, म्हणजे त्यास सर्वांदेखत मागावी लागणार नाहीं. खांद्यावर थाप मारून किंवा छातीशीं धरून भेटण्याची प्रीति त्याच्या बाबतींत हात जोडूनच व्यक्त करावी. साक्ष देण्यास उभें केलें तर आधीं "संपूर्ण बरा झालों म्हणून सांगा" असें कानांत सांगूं नये. आणि बायांकडे विशेष लक्ष द्यावें. पुरुषास निदान कारखान्यांत हलकें काम मागतां येतें. सुनेस हलकी चूल कोण देतो? भरलेला हंडा पंधरा किलोंच्या आसपास भरतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिनें तो उचलूंच नये, आणि पुढेंही वैद्यास विचारल्यावांचून उचलूं नये.

कित्येक भाविक मनुष्यांस वेदनेवर रोज गोळी घेणें हा विश्वासाचा कमीपणा वाटतो. हा वाद जुना आहे. एडिंबरो येथील डॉ. जेम्स सिम्प्सन ह्यांनीं १८४७ मध्यें प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हां देवानें नेमिलेली वेदना मनुष्यानें कां टाळावी, असा आक्षेप येणार हें जाणून त्यांनीं त्याच वर्षीं एक पत्रक लिहिलें. आदामाची फासळी काढण्याआधीं देवानें त्यास गाढ झोंप आणिली, हा त्यांतील एक मुद्दा होता. आणि तो आजही खोडून काढणें कठीण आहे. १८५३ मध्यें व्हिक्टोरिया राणीनें बाळंतपणांत क्लोरोफॉर्म घेतलें, तेव्हांपासून लोकांची भीड चेपली. तंतूंच्या वेदनेवर आतां वेगळ्या जातीचीं औषधें आहेत. कधीं तंतूशेजारीं सुईनें औषध सोडून तो शांत करितात. तारच टोंचत असेल तर ती काढतांही येते. हें सर्व वैद्यास सांगितल्यावांचून होत नाहीं, आणि "बरें आहे" म्हणणाऱ्यास वैद्य काय देणार?

उपदेशकांनीं तीन-चार गोष्टी मात्र पक्क्या ध्यानांत ठेवाव्या, कारण खेड्यांत वैद्याच्या आधीं त्यांनाच बोलावणें येतें. दुखऱ्या छातीवर बिब्बा घालूं देऊं नये, डाग देऊं देऊं नये, आणि मालीश करणाऱ्यास हाडाजवळ फिरकूं देऊं नये. नळीबरोबर ज्यास धातूची झडप बसविलेली आहे तो रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतो. त्यानें दुकानांतून अंगदुखीची गोळी परस्पर आणून घेतली तर आंतून रक्तस्राव होण्याचें भय असतें. जुनें ओळखीचें दुखणें वेगळें आणि नवें वेगळें: ताप, व्रणांतून पाणी, श्वास घेतांना हाड कटकट वाजणें, धाप, किंवा छातींत वा पाठींत एकाएकीं फाडल्यासारखी कळ, ह्यांपैकीं कांहीं झालें तर प्रार्थना गाडींत बसून करावी आणि गाडी रुग्णालयाकडे हांकावी. राखणदार नेहमींच व्यर्थ ओरडतो असें समजून बसणें हा दुसरा प्रमाद होय.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९७९ मध्यें केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्यें सुधारिली, आणि तिच्याखालीं टीप जोडिली. वेदना होते असें जो मनुष्य सांगतो त्याच्या सांगण्याचा आदर करावा, असा तिचा आशय आहे. पंडितांच्या सभेस हें लिहून ठेवावेंसें वाटलें, ह्यावरून न मानणाऱ्यांची संख्या किती असेल ह्याचा तर्क करावा. आमच्या घरांत तर वेदना मोजण्याचें एकच माप: मनुष्य जेवतो ना? मग कशाचें दुखणें! चार घांस जातात, तोंडावर रंग आहे, छायाचित्र चांगलें आहे, एवढ्यावर आपण निकाल देतों. परंतु ती जळजळ छायाचित्रांत येत नाहीं. तिचा साक्षीदार एकटा तो मनुष्यच. एका साक्षीदारावर न्यायालय शिक्षा देण्यास कचरेल, हें खरें. पण येथें कोणास शिक्षा द्यावयाची नाहीं, खुर्ची द्यावयाची आहे.

अशा घरीं गेल्यावर शेवटीं एक प्रश्न येतोच, आणि तो बहुधा पत्नी विचारते, नवरा आंत गेल्यावर: हें किती दिवस चालेल? पुष्कळांचें दुखणें पहिल्या वर्षांत उतरत जातें. कांहींचें उतरतें पण जात नाहीं. थोड्यांचें तसेंच राहतें, आणि आपला मनुष्य ह्यांपैकीं कोणत्या रांगेंत आहे हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. तिला एवढेंच सांगावें लागतें. पुढच्या वर्षीं तिनें पुन्हां विचारिलें तर पुन्हां तेंच. तोंवर तो आंतून बाहेर येतो, सदऱ्याचीं वरचीं दोन बटनें उघडीं ठेवून खुर्चींत बसतो, चहा येतो, आणि बोलणें गांवाकडच्या पावसावर जातें.